पहिलं पाणी शेवटाला

४ फेब्रुवारी

वन्सं,

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा भावजींनी उचलला, "ती शेतात आहे" म्हणाले आणि ठेवून दिला. जेवणाच्या वेळेला कोण शेतात असतं? म्हटलं, आता कागदच बरा. दुधाची गाडी रोज आमच्या टोकापासून निघून कालव्याकाठाने तुमच्या दारावरून जाते आणि दुपारी परत येते. गाडीवाला तोंडाचा घट्ट आहे. उत्तर त्याच्याकडेच द्या.

सभेत काय झालं ते तुमच्यापर्यंत पोचलं असेलच, आणि पोचेपर्यंत त्याला मीठमिरचीही लागली असेल. म्हणून माझ्या तोंडून ऐका. धरण निम्मंच भरलंय. एरवी हंगामात पाच वेळा कालव्याला पाणी सुटतं, यंदा तीनदाच सुटेल. आजवरची रीत अशी, की ज्याचं शेत कालव्याच्या तोंडाशी त्याने आधी भिजवायचं, मग पुढच्याने. तोंडाकडचे लोक वाफे तुडुंब भरतात आणि आमच्या टोकाला येईस्तोवर कालव्यात बेडकाला पोहायलाही पाणी उरत नाही. मागच्या वर्षी शेवटचं पाणी आलंच नाही. आमची लिंबाची बाग मुळासकट काढली, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत.

म्हणून पाणी वापर संस्थेची अध्यक्ष या नात्याने मी मांडलं, की यंदा उलट्या बाजूने पाणी द्यायचं. वाटेतली सगळी दारं बंद ठेवायची, कालवा काठोकाठ वाहू द्यायचा, आधी शेवटची शेतं, मग मधली, मग तोंडाकडची. एकराला ठरलेले तास, ना कमी ना जास्त. बहुतेकांचे हात वर झाले. भावजी उठून गेले. जाताना तुमच्या दादांना म्हणाले, "बायकोच्या हातात पाणी दिलंत, आता सगळेच मिळून तोंडं धुवा." दादा हसले. मला हसू आलं नाही.

त्यांना जरा समजवा. पाण्यापायी माणसं तुटायला नकोत.

वहिनी

९ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही अध्यक्ष झालात तेव्हा मी इथे घरोघरी सांगत फिरले होते. आता कोणी विचारलं तर विषय बदलते. तुमचा ठराव झाल्यापासून या बाजूच्या बायका मला बघून बोलणं आवरतात. माहेर शेवटाला आणि सासर तोंडाला, माझं मेलीचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते मलाच कळेनासं झालंय.

यांना समजवा म्हणता. पालथ्या घड्यावर पाणी आहे ते, आणि यंदा पाणी तसंही कमी आहे.

आमचं ऐका आता. कालव्याच्या भरवशावर सगळ्या रानात ऊस लावलाय. विहीर तळाला गेलीय. तुमच्या नव्या रीतीने आमची पाळी यायला तीन आठवडे लागतील. तोवर उसाचं चिपाड होईल. यांना झोप नाही. सभेवरून आले तेव्हापासून सारखे कालव्याकाठी फेऱ्या मारतात, काय करतात ते सांगत नाहीत.

एकच मागते. दादा संस्थेचा पाटकरी, दारांच्या किल्ल्या त्याच्या खिशात. पहिलं पाणी सुटेल त्या दिवशी आमच्या शेताचं दार थोडा वेळ उघडं राहिलं तर कुणाला कळायचं नाही. माहेराकडून मी आजवर साडीसुद्धा मागून घेतली नाही.

तुमची वन्सं

१३ फेब्रुवारी

वन्सं,

तुमची चिठ्ठी दादांना दाखवली नाही. दाखवली असती तर ते विरघळले असते. तुमच्या बाबतीत ते मेणाचे आहेत.

नाही जमायचं. पाणी एकदा नात्याने वाहायला लागलं की उताराने वाहायचं विसरतं. आज तुमचं दार उघडलं, तर उद्या प्रत्येकाची एक बहीण निघेल. मग मी कुठल्या तोंडाने कोणाला अडवू?

पण ऊस वाचवता येईल. सगळ्या सऱ्यांना पाणी देऊ नका, एक सोडून एक सरी भिजवा. वाळलेलं पाचट जाळू नका, ओळींमध्ये पसरा, म्हणजे ऊन जमिनीला लागत नाही आणि ओल टिकते. पाणी द्यायच्या आधी लोखंडी सळई मातीत खुपसून बघा. सहज आत गेली तर खाली ओल आहे, थांबायला हरकत नाही. विहिरीत जे थोडं पाणी उरलंय ते अशा बेताने महिनाभर पुरेल. पाहिजे तर दादा येऊन सऱ्या पाडून देतील.

भावजी कालव्याकाठी फेऱ्या मारतात म्हणालात. त्यांना म्हणावं, नजरेने पाणी वाढत नाही.

रागावू नका.

वहिनी

२६ फेब्रुवारी

वहिनी,

मंगळवारी पाणी सुटणार म्हणे. त्या दिवशी दादाला आमच्या घरामागच्या कालव्याच्या भरावावरून चालत येऊ देऊ नका. पलीकडच्या काठाने जाऊ दे, नाहीतर घरी बसू दे. जमलं तर पाणीच आठवडाभर पुढे ढकला.

कारण विचारू नका. चिठ्ठी फाडून टाका.

२७ फेब्रुवारी

वन्सं,

फाडली नाही. ठेवलीय.

भावजींनी सांगून लिहून घेतलं की तुम्ही आपणहून लिहिलंत? इतक्या दिवसांत सऱ्यांबद्दल अक्षर नाही, दादांच्या येण्याबद्दल अक्षर नाही, आणि लिहिलं तर हे. पाटकऱ्याला काठावरून चालू देणार नाही, असंच ना? कोण उभं राहणार आहे तिथे काठ्या घेऊन?

तुमच्या पाठवणीला स्टँडपर्यंत रडत आले होते तेच हे दादा. ते भरावावरून चालणार, रोज चालतात तिथूनच चालणार. पाणी मंगळवारी सुटणार. आमच्याकडे लोकांनी वाफ्यांना पाणी नेणारे दंड साफ करून ठेवलेत, बी भिजत घालायचं बाकी आहे. आठवडाभर पुढे ढकला म्हणायला तुमचं काय जातं?

भावजींना सांगा, धमकी द्यायची तर स्वतःच्या हाताने लिहावी. बायकोचं अक्षर कशाला वापरतात?

वहिनी

२ मार्च, मंगळवार सकाळ

वहिनी,

धमकी नव्हती हो ती. भीती होती.

यांना माहीत नाही मी लिहितेय. सभेनंतर कालवा कोरडा होता तेव्हा यांनी आमच्या घरामागच्या भरावाखालून आरपार पाइप घातला. वरून माती लोटली, गवताची ढेपळं लावली. तुमची दारं बंद राहिली तरी आमच्या उसाला पाणी मिळावं म्हणून. मला कळलं तेव्हा काम झालं होतं.

मधे पिण्याच्या टाक्यांसाठी कालव्याला थोडंसं पाणी सोडलं होतं ना, तेव्हा भरावाच्या बाहेरच्या अंगाने पाझर सुरू झाला. नितळ पाझर असता तर मी घाबरले नसते. गढूळ येत होतं. म्हणजे पाणी पाइपाच्या कडेने शिरून भरावाची मातीच बाहेर आणत होतं. यांनी पोती कोंबली, पाझर थांबला, हे निवांत झाले. पाणी आटल्यावर मी तुम्ही सांगितलेली सळई घेऊन गेले आणि वरून भरावात खुपसली. हातभर गेली आणि मग हातातून निसटून आपली आपण आत गेली. भराव आतून पोकळ झालाय.

चार वेळा यांना सांगितलं. म्हणाले, तुला काय कळतं. आज सगळी दारं बंद, कालवा काठोकाठ. तेवढा भार तो भराव घेणार नाही. खाली वीटभट्टीवाल्यांची घरं आहेत. आत्ता लिहिताना त्यांची पोरं भरावाच्या पायथ्याशी खेळताना दिसतायत. मी त्यांना हाकलते, ती पुन्हा येतात.

पाणी थांबवा. कसंही करून. पण पाइपाचं कोणाला सांगू नका, दादालासुद्धा नको. तो इथे धावत येईल आणि दोघांपैकी एकजण धड राहणार नाही. मी बोलले तर माझं घर मोडतं, नाही बोलले तर त्यांची घरं वाहतात. मला दुसरं काही सुचत नाही.

गाडी आली.

४ मार्च

वन्सं,

तुमची चिठ्ठी गाडीवाल्याने माझ्या हातात दिली तेव्हा मी शेवटच्या दारापाशी उभी होते. पाण्याचं तोंड काड्याकुड्या आणि फेस ढकलत आमच्या अलीकडच्या पुलापर्यंत आलं होतं. सगळं गाव काठावर होतं. शेवटच्या शेताची म्हातारी तर सकाळपासून खोरं हातात धरून बसली होती, बसून गुडघे धरले तरी उठेना. म्हणत होती, मी उठले तर पाणी लाजून परत जाईल.

मी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग आधी दादांना फोन लावला. ते तुमच्या घराच्या वरच्या पुलावर होते, खाली निघालेच होते. मी म्हटलं, तिथेच थांबा आणि सांडवा उघडा, सगळं पाणी ओढ्याला सोडा. त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा सांगितलं. "का?" म्हणाले. मी म्हटलं, "मी सांगते म्हणून."  मग फोनवर सांडव्याच्या चाकाचा करकर आवाज आला. त्यांनी सांडवा उघडला.

कालव्याच्या साहेबांना फोन केला, वरून पाणी बंद करा म्हणून. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कारण नंतर सांगते, जबाबदारी माझी. ते म्हणाले, बाई, एकदा बंद केलं तर ही पाळी गेली असं समजा, धरणातून लगेच दुसऱ्यांदा पाणी सुटत नसतं. मी हो म्हटलं.

आमच्या डोळ्यांदेखत पाणी पुलापाशी थबकलं, बारीक झालं आणि चिखल उरला. म्हातारी उठली, माझ्याजवळ आली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि घरी गेली. बाकीच्यांनी मात्र तोंडाला येईल ते ऐकवलं. नणंदेच्या नवऱ्याला विकली गेली म्हणाले. ठराव करून मिरवलं आणि पाणी ओढ्यात घातलं म्हणाले. आमच्या दारासमोर कोणीतरी चिखलाचं घमेलं ओतून गेलंय.

दादा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कारण न कळता माझं ऐकलं, आणि लोकांनी त्यांच्याही तोंडावर थुंकल्यासारखं केलं. संध्याकाळी एकदाच म्हणाले, "मला तरी सांग." मी सांगितलं नाही. तुम्हाला शब्द दिला नव्हता, तरी पाळला.

रविवारी सभा आहे, मला काढायला. माझ्यापाशी उत्तर नाही. दुसरं म्हणजे, आता पाणी दोनदाच सुटणार, आणि तो भराव आहे तसाच आहे. पुढच्या वेळी मी अध्यक्ष नसेन. तेव्हा कोणाला लिहाल?

तुम्हाला या म्हणत नाही. फक्त कळवते.

आधीच्या चिठ्ठीत जे लिहिलं त्याची मला लाज वाटते.

वहिनी

५ मार्च

वहिनी,

त्या दिवशी मी मागच्या दारात बसून होते. पाणी भरावाच्या कडेला टेकलं तेव्हा पायथ्याशी पुन्हा गढूळ पाझर सुटला, बघता बघता मनगटाएवढा झाला. मी भट्टीवाल्यांच्या घरांकडे ओरडत धावले. त्यांना वाटलं मला काही चावलं. बायका पोरांना काखेत मारून निघाल्या आणि एवढ्यात पाझर बारीक झाला. वर बघितलं तर कालव्याची पातळी उतरत होती. मी तिथेच चिखलात बसले. एका भट्टीवालीने मला पाणी आणून दिलं. 

हे दुपारी खुशीत घरी आले. "बघ, तुझ्या वहिनीची हवा गेली," म्हणाले. मी यांना हाताला धरून मागे नेलं आणि जिथून पाझर आला तिथे उभं केलं. भरावाला वरपासून खालपर्यंत भेग गेलीय, तीत यांचा अख्खा पंजा शिरला. हे उकिडवे बसले. मग म्हणाले, गुपचूप बुजवून टाकू. मी म्हटलं, बुजवाल ती माती, तिच्यात जीव कुठून आणाल? भराव मुळापासून खणून, थर देऊन, ठोकून बांधावा लागेल, ते दोघांचं काम नाही. हे म्हणाले, मग सगळ्यांना कळेल. मी म्हटलं, हो.

तेव्हापासून घरात भांड्यांचाच काय तो आवाज आहे.

रविवारी यायचं म्हणते, पण पाय उचलतील असं वाटत नाही. परत याच घरात यायचंय ना मला. माझ्यावर विसंबू नका.

तुमची वन्सं

८ मार्च

वन्सं,

तुम्ही सभेत आलात, दारातच उभं राहून पाइपाचं सगळं सांगितलंत आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेलात. दादा तुमच्यामागे स्टँडपर्यंत धावले, तोवर बस गेली होती. मागे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

 एकदम सगळे बोलायला लागले. कोणी म्हणालं पोलिसांत द्या, कोणी म्हणालं त्यांचा ऊस उपटा. भट्टीवरचा मुकादम मागे उभा होता, त्याला सभेत बोलायचा हक्क नाही. पण तो पुढे आला आणि म्हणाला, आमची पोरं त्या बाईमुळे वाचली, तुमचं काय ते तुम्ही बघा. त्यानंतर आवाज खाली आले.

ठरलं ते असं. पाइप भावजींनी स्वतः काढायचा. त्यांच्या शेताला पुढची पाळी नाही, शेवटची मिळेल. भराव मात्र सगळ्यांनी मिळून बांधायचा, कारण पाणी सगळ्यांचं त्याच्यावरूनच जाणार आहे. पहिलं पाणी शेवटाला, हा ठराव कायम.

आणि मला काढलं. तुम्हाला वाटलं असेल की तुम्ही बोललात म्हणजे मी वाचले. मलाही तसंच वाटलं होतं. पण म्हातारी उठली. "पाणी थांबवलंस ते बरोबर केलंस," म्हणाली. "पण आम्हाला का नाही सांगितलंस? आम्ही काय पोरं वाहून जाऊ दिली असती? तू आमच्यावर विश्वास ठेवला नाहीस, मग आम्ही तुझ्यावर कसा ठेवायचा?"  थोडक्या हातांच्या फरकाने माझी खुर्ची गेली. आता निवृत्त बसचालक अध्यक्ष आहेत. वेळेचे पक्के आहेत, बरं होईल.

घरी आल्यावर खूप रडले. दादांनी चहा केला, साखर घालायला विसरले. मी तसाच प्यायले. मग म्हणाले, "तू मला त्या पुलावर थांबवलं नसतंस तर मी त्या भेगेवरच पाय दिला असता." एवढंच बोलले, पण बोलले.

तुमच्याकडे काय स्थिती आहे? मला खरं लिहा. त्रास असेल तर सरळ निघून या. इथे तुमची खोली आहे.

वहिनी

२२ मार्च

वहिनी,

लिहायला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. सभेहून परत आले तर घराला कडी नव्हती आणि हे ओसरीत बसले होते. मला वाटलं, आता बाहेर काढणार. हे उठून आत गेले. आठ-दहा दिवस एक शब्द नाही. ताट वाढलं की जेवायचे, ताट उचललं की जायचे. मी दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली.

भरावाचं काम सुरू झालं तेव्हा तुमच्याकडचे ट्रॅक्टर भरून आले. यांनी पाइप आधीच काढून रस्त्यावर टाकला होता, सगळ्यांना दिसेल असा. कोणी यांच्याशी बोललं नाही. हे खणत राहिले. दुसऱ्या दिवशी दादा आला, यांच्या शेजारी उभा राहून धुमस मारायला लागला. एक थर ठोकून झाला, दोन झाले. मग दादा म्हणाला, "इथे अजून ओलं करायला पाहिजे, माती बसत नाही." हे बादली घेऊन आले. त्यांचं बोलणं झालं ते एवढंच, पण काम संपेपर्यंत दोघं एकमेकांच्या शेजारीच होते.

काल पाणी सुटलं. काठोकाठ. हे सकाळपासून नव्या भरावावर बसून होते, मी मागच्या दारात. पाणी दिवसभर आमच्या दारावरून गेलं आणि आम्ही त्याला हात लावला नाही. खालच्या रानातला ऊस यांनी परवाच कापून जनावरांना घातला. वरचा पाचट टाकून तग धरून आहे. राहील किंवा जाईल.

दुपारी मी यांना भाकर घेऊन गेले. हे पाण्याकडेच बघत होते. म्हणाले, "तू सभेत जायच्या आधी मला सांगायचं होतंस."

मी म्हटलं, "चार वेळा सांगितलं."

यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "पाचव्यांदा ऐकलं असतं की नाही, मला माहीत नाही." आणि सरकून मला बसायला जागा केली. मी बसले. भराव कोरडा होता.

तुमच्याकडे पोचलं का ते कळवा. इथून गेलेलं दिसतं, पोचलेलं दिसत नाही.

तुमची वन्सं

२४ मार्च

वन्सं,

पोचलं.

सुटलं त्याच दिवशी दुपारी शेवटच्या दारातून म्हातारीच्या शेतात शिरलं. नवे अध्यक्ष घड्याळ घेऊन उभे होते, मी बाकीच्यांबरोबर काठावर होते. ठरलेले तास झाल्यावर म्हातारीने आपणहून दार लावलं. एक वाफा कोरडा होता तरी लावलं. अध्यक्ष म्हणाले, आजी, अजून थोडं घ्या, कोणी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, पुढचा वाट बघत असेल.

मग माझ्या हातात खोरं दिलं आणि म्हणाली, "तू मोकळीच आहेस ना आता, तो दंड फुटलाय, जरा बांध." मी साडी खोचली आणि चिखलात उतरले.

वहिनी